नकाराचे कारण विचारणारी मुलगी: कमला भागवत, १९३३

१/
जून-जुलैत यवतमाळच्या कुठल्याही सायबर कॅफेत हे दृश्य दिसते. प्रवेशाची यादी लागते. एखादी मुलगी पडद्यावर वरून खाली आपले नाव शोधते, मग पुन्हा खालून वर. वडील बाहेर गाडीपाशी उभे असतात. काही वर्षांपूर्वी माझेही नाव अशाच एका यादीत नव्हते. त्या दिवसांत मनाला लागून राहिलेली एक हकीकत आज सांगते.

२/
वर्ष १९३३. कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, दुय्यम विषय पदार्थविज्ञान. त्यांच्या थोरल्या बहिणीला आपण सारे ओळखतो: दुर्गा भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९०९ साली बंगळुरात स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे तेव्हाच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’चे, ते आरंभीचे विद्यार्थी. साहजिकच कमलाताईंनीही तेथेच अर्ज केला.

३/
अर्ज नाकारला गेला. त्याच वर्षी संस्थेची सूत्रे सर सी. व्ही. रामन यांच्याकडे आली होती. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवलेला, साऱ्या देशाला अभिमान वाटावा असा हा शास्त्रज्ञ. नकाराचे कारण एकच होते: अर्जदार स्त्री आहे. गुणांचा त्यात काही संबंध नव्हता.

४/
अशा वेळी माणूस काय करतो? बहुतेक जण निमूटपणे परततात. ‘एवढा मोठा माणूस नाही म्हणतो, म्हणजे काही तरी असेलच’ अशी समजूत घालतात. कमलाताई थेट रामन यांच्यासमोर गेल्या. नकाराचे कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा निर्धार बोलून दाखवला. हा शब्द त्या काळाने त्यांच्या हाती दिला होता. तीनच वर्षांपूर्वी, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, स्त्रिया मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्या होत्या.

५/
रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे, त्या काळात नियमित विद्यार्थिनीचा दर्जा नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. तिसरी अट पुन्हा वाचा. बरोबरीच्या पुरुषांचे लक्ष विचलित झाले, तर त्याचा दोषही त्यांच्याच माथी येणार होता.

६/
माझ्या मते खरा कठीण निर्णय येथे होता. अपमानास्पद अटी झिडकारणे सोपे होते आणि बाणेदारही दिसले असते. कमलाताईंनी त्या स्वीकारल्या. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष सरले. काम पाहून रामन यांनी त्यांना नियमित प्रवेश दिला आणि पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

७/
१९३६ मध्ये एम.एस्सी., मग केंब्रिज. तेथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य त्यांना आढळले. पेशीच्या श्वसनात त्याचे काम महत्त्वाचे असते. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या परतल्या. विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले आणि पुढे तिच्या संचालकही झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या संशोधनाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

८/
हकीकत येथे संपवली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. उतारवयात कमलाताईंनी जाहीरपणे सांगितले की, रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण संकुचित वृत्तीचे होते, आणि केवळ स्त्री म्हणून मिळालेली वागणूक आपण कधीही विसरलो नाही. साठ वर्षांचे यशही ती जखम भरून काढू शकले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने रामन यांचे संशोधन आणि त्यांचा हा अन्याय, दोन्ही एकाच पानावर लिहावे.

९/
मात्र प्रत्येक नकार अन्याय नसतो. माझ्या बाबतीत गुण कमी पडले होते. चौकशी केली, कारण पटले, आणि मी दुसरीकडे अर्ज भरला. तेथे सत्याग्रह हास्यास्पद ठरला असता. पण कारण विचारल्याशिवाय हे कळले नसते.

१०/
म्हणून यादीत नाव नसलेल्या धाकट्या बहिणींना आणि भावांना एवढेच सांगणे: स्वतःला दोष देण्याआधी कारण विचारा, जमल्यास लेखी मागा. गुण कमी असतील तर पुढच्या फेरीची तारीख पाहा, दुसरा पर्याय भरा. कारण तुमच्या जन्माशी जोडलेले असेल, तर दारातून हलू नका. आणि कोणी अटी घातल्या, तर त्या स्वीकारायच्या की नाही हे तुम्ही ठरवा. तो निर्णय कमलाताईंनी वयाच्या विशीत, स्वतःच घेतला होता.

(समाप्त)