मायनस बॉडीला!

मागच्या शनिवारी भर दुपारी मी आमच्या पार्किंगमध्ये, बाबांच्या १९९८च्या मारुती ८००मध्ये डोकं सीटखाली आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत पडलो होतो. नवा स्टिरिओ मी स्वतः बसवला होता. डिस्प्ले झकास पेटत होता, एफएमची स्टेशनं पटापट सापडत होती, आणि मागचे दोन्ही स्पीकर... हूं नाही की चूं नाही. व्हॉल्यूम ४०पर्यंत नेला तरी शांतता. इंजिनियर म्हणवून घेणाऱ्या माणसाची याहून शोभा ती काय व्हायची?

आधीचा कॅसेट प्लेअर बेल्ट गेल्यामुळे मेला होता, पण तोपर्यंत हेच स्पीकर व्यवस्थित गात होते. ज्याच्याकडून स्टिरिओ घेतला त्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, जुने स्पीकर ते, गेले असतील. नवे टाका." बाबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. ते स्पीकर आणि सगळं वायरिंग त्यांनी गाडी घेतली त्याच महिन्यात स्वतःच्या हाताने केलेलं.

मग रीतसर डीबगिंग सुरू केलं. फेडर पुढे सरकलेला नाही ना? नाही. फ्यूज ठीक. स्पीकरच्या तारा काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला तर 'खट्' असा आवाज आला आणि कोन हलला. दोन्हीकडे. म्हणजे स्पीकर जिवंत! मीटरवर ३.६ ओहम, चार ओहमच्या स्पीकरला साजेसे. मग तारा मागे मागे शोधत गेलो तर प्रत्येक स्पीकरला पुढून एकच तार येत होती. दुसरं टोक वीतभर लांब, थेट पत्र्याला स्क्रूने आवळलेलं.

"बाबा, दुसरी वायर कुठंय?"

"मायनस बॉडीला," बाबा म्हणाले. सूर्य पूर्वेला उगवतो, या सुरात.

"असं कोण करतं?" मी जरा चढ्या आवाजातच बोललो. बाबा उठून वर निघून गेले.

तर मंडळी, असं कोण करतं? रात्री वाचत बसलो तेव्हा उत्तर मिळालं. पूर्वी कितीतरी जण करायचे.

१९३०च्या जूनमध्ये शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती घेऊन तो अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाला गेला. आत स्टॉल नव्हता, म्हणून गाडी बाहेर उभी करून रेडिओ मोठ्याने लावला. त्या रेडिओचं नाव 'मोटोरोला'. कंपनीने स्वतः ते नाव बऱ्याच नंतर, १९४७ साली घेतलं. त्या काळी गाडीची बॅटरी ६ व्होल्टची आणि रेडिओच्या व्हॉल्व्हना लागायचे शंभराच्या वरचे व्होल्ट. सुरुवातीच्या सेट्ससाठी गाडीच्या फळ्यांखाली वेगळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. मग व्हायब्रेटर आला, म्हणजे सेकंदाला शंभरएक वेळा थरथरणारी धातूची पट्टी. ती डीसी तोडून तोडून ट्रान्सफॉर्मरला द्यायची आणि व्होल्टेज वर चढायचं. जुने रेडिओ लावल्यावर आधी जो भुंग्यासारखा आवाज येतो ना, तो हाच.

आता मुद्दा मायनसचा. दिवा असो की हॉर्न, गाडीत परतीची तार म्हणजे बॉडी, ही पद्धत रेडिओच्याही आधीची. पत्रा आहेच सगळीकडे, मग तांब्यावर दुप्पट खर्च कशाला? स्पीकर त्याच रांगेत जाऊन बसला. व्हॉल्व्हच्या रेडिओत स्पीकरला वीज ट्रान्सफॉर्मरमधून मिळायची, त्यामुळे एक टोक बॉडीला लावलं तरी कुणाची तक्रार नव्हती.

१९५५मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी १९५६च्या मॉडेल्ससाठी पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ आणला. किंमत १५० डॉलर! त्याच सुमारास अमेरिकन गाड्या १२ व्होल्टवर गेल्या. ट्रान्झिस्टर तेवढ्यावर खुशाल चालतात, त्यामुळे हळूहळू व्हायब्रेटरला सुट्टी मिळाली. पुढे कॅसेटच्या जमान्यात अख्खा अँप्लिफायर एका चिपमध्ये आला. टीडीए२००३ आठवते का? बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून आणून आपण कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये जाळायचो तीच. मुळात ती कार रेडिओसाठीच केलेली. तिचं आउटपुट बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजवर बसलेलं असतं, म्हणून स्पीकरच्या आधी एक १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लागतो. तो डीसी अडवतो, गाणं सोडतो. स्पीकरचं दुसरं टोक? बॉडीला. बाबांनी १९९८ला बसवलेला कॅसेट प्लेअर याच जातीचा होता.

पण १२ व्होल्ट ही भिंत ठरली. व्हॉल्व्हच्या काळात व्होल्टेज चढवत होते, ती सोय आता गेलेली. इंजिन चालू असताना समजा १४.४ व्होल्ट मिळतात. वर-खाली ७.२ व्होल्टचीच हालचाल शक्य, म्हणजे चार ओहमच्या स्पीकरला कागदावर जेमतेम साडेसहा वॅट. लोकांना तर काचा हलायला हव्या होत्या. त्यावर तोड निघाली ब्रिजची. स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अँप्लिफायर लावायचा. एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो. स्पीकरवरचं व्होल्टेज दुप्पट, पॉवर चौपट, सुमारे २६ वॅट. दोन्ही टोकं निम्म्या व्होल्टेजवर असल्याने मधे डीसी वाहत नाही, म्हणून तो बोजड कपॅसिटरही गेला. (खोक्यावर जे '५० वॅट × ४' छापतात ते गाणं पार करवतीसारखं चौकोनी कापलं तर निघणारं उत्तर आहे. १४.४चा वर्ग भागिले ४, करून बघा :))

या चतुराईत एक गोष्ट गुपचूप बदलली. 'स्पीकर मायनस' हे नाव तारेवर तसंच राहिलं, पण ती तार मायनस उरली नाही. रविवारी सकाळी मी स्टिरिओच्या सगळ्या स्पीकर तारा मोकळ्या सोडल्या आणि बॉडीपासून व्होल्टेज मोजलं. पांढऱ्या तारेवर साडेसहा व्होल्ट. काळ्या पट्ट्याच्या पांढऱ्या तारेवर, जिला कंपनी मायनस म्हणते तिच्यावरही साडेसहा! आणि मी शहाण्याने काय केलं होतं? जुन्या वायरिंगला जुळवून घ्यायला म्हणून त्या सगळ्या मायनस एकत्र पिळून बॉडीला मारल्या होत्या. चिपला सरळ शॉर्ट दिसत होता आणि ती बिचारी जीव वाचवायला तोंड मिटून बसली होती. ते संरक्षण नसतं तर धूरच निघाला असता.

म्हणजे बाबांचं वायरिंग २७ वर्षांहून जास्त काळ बरोबर होतं. चुकीचं झालं ते मी नवा डबा जोडला त्या क्षणी. ऑफिसात जुन्या कोडला शिव्या घालताना मी नेमकं हेच करतो, हे तिथे पायऱ्यांवर बसून लक्षात आलं आणि जरा ओशाळायला झालं.

वर गेलो. बाबांना कागदावर दोन अँप्लिफायर काढून दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आता दोन्ही प्लस." याहून छोटं स्पष्टीकरण मला कुठेही सापडलं नव्हतं.

दुपारी दोघांनी मिळून कार्पेट उचललं आणि दोन पदरी नवी तार मागपर्यंत ओढली. पत्र्यातले दोन्ही स्क्रू बाबांनीच काढले, एक गंजलेला होता त्याला तेल सोडून. स्टिरिओ लावला. विविध भारती लागलं, एकदम खणखणीत. बाबा मागच्या सीटवर मधोमध बसले, डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "डावा-उजवा उलटा लावलायस."

बॅलन्स फिरवून पाहिलं. उलटाच होता.