पेशवाई बुडाल्यावर शाहिरांची वाट

नोव्हेंबर 1817 मध्ये खडकी व येरवडा येथे पेशव्यांचे सैन्य मागे हटले, पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि मार्च 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने आजच्या मुळशी तालुक्यातील कोरीगड घेतला, तेव्हा मावळातील शिबंदीचे, म्हणजे गडावरील पगारी शिपायांचे, दिवस सरलेच, शिवाय पुण्याच्या आश्रयावर पोसलेल्या शाहिरीचाही आधार तुटला. हाती डफ घेतलेला शाहीर, शेजारी तुणतुणेवाला आणि ध्रुपद उचलून धरणारे झीलकरी असा तो फड लढाईचा पोवाडा जसा गाई, तशीच शृंगाराची लावणीही गाई.

पेशवाईच्या उत्तरकाळात चांगल्या फडाला पुणे गाठावे लागे, कारण मोठी बिदागी तेथेच मिळे. सोलापूरचा राम जोशी, मुरूडचा प्रभाकर, गवळी समाजातील होनाजी व त्याचा जोडीदार बाळा या सर्वांचे नाव झाले ते याच शहराच्या रसिकतेवर. जून 1818 मध्ये पेशवा दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वार्षिक 8 लाखांच्या तनख्यावर दूर बिठूरला गेला. त्याच्यामागे दरबार उरला नाही. होनाजीस बडोद्याच्या गायकवाडांकडून वर्षासन, म्हणजे वार्षिक नेमणूक, मिळत असल्याचे सांगितले जाते. पण असा दुसरा दरबार सर्वांच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. जेजुरीच्या सगनभाऊंची स्थिती विशेष हृदयद्रावक आहे: शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातला हा मुसलमान शाहीर खडकीच्या लढाईचा पोवाडा रचतो, आणि ज्या पराभवाचे तो वर्णन करतो, त्याच पराभवाने त्याच्या कुळाचा धंदा आणि त्याच्या कलेचा आश्रय या दोहोंवर घाव घातलेला असतो.

राज्य टिकून असले तर युद्धातही कलावंतांची वाट वेगळी असते, हे आपल्या काळात दिसले: 2022 च्या रशियन आक्रमणानंतर युक्रेनमध्ये 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास बंदी झाली, त्यामुळे परदेशी कार्यक्रमासाठीही पुरुष कलावंतांना सरकारी परवानगी लागू लागली. तरीही त्याच वर्षी जुलैत युक्रेनियन फ्रीडम ऑर्केस्ट्राने वॉर्सात पहिली मैफल केली आणि दौऱ्यातून आपल्या देशाची बाजू जगापुढे मांडली. मराठी शाहिरांपाशी बाजू मांडावी असे राज्यच शिल्लक नव्हते. म्हणून त्यांचे फड दरबाराऐवजी जत्रेच्या गर्दीवर अधिकाधिक विसंबले, आणि 1865 मध्ये उमाबाबू सावळजकराच्या ‘मोहना बटाव’ने तमाशात सबंध कथा खेळणारा वग आणला, तो याच गावोगावच्या श्रोत्यांसाठी होता, असे मानण्यास जागा आहे.