सहा फायलींची गोष्ट

‘स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक छाती फुगवते, दुसरी म्हणते, "छ्या, हे तर अँड्रॉइडच!" २०२३ मध्ये भारओएस आली तेव्हा हेच झालं. सी-डॅकची बॉस तर डेबियनवर बेतलेली, तिलाही हेच ऐकावं लागलं. मला दोन्ही पार्ट्यांचं पटत नाही. का, ते बर्कलेच्या इतिहासावरून सांगतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेमध्ये एटी अँड टीच्या युनिक्सवर वर्षानुवर्षं भर घालणं चालू होतं. पण मूळ कोड कंपनीचा. बर्कलेचं काम हवं असेल तरी आधी कंपनीचं लायसन्स घ्या, आणि त्याची किंमत चढतच चाललेली. मग कीथ बॉस्टिक यांनी नेटवर्कवरून लोकांना हाक दिली: प्रोग्रॅम काय करतो त्याचं छापील वर्णन वाचा आणि तो नव्याने लिहून द्या. मोबदला? यादीत नाव, बस्स. दीडेक वर्षात बहुतेक महत्त्वाचे प्रोग्रॅम लिहून झाले! नंतर बॉस्टिक, मॅकक्युसिक आणि कॅरल्स कर्नल घेऊन बसले, फायलीमागून फाईल तपासत कंपनीचा कोड काढत गेले. शेवटी अडल्या फक्त सहा फायली. त्या गाळून जून १९९१ मध्ये बाकी सगळं खुलं केलं. त्या सहांची जागा बिल जोलिट्झ यांनी भरून काढली आणि साध्या ३८६ पीसीवर चालणारी सिस्टिम उभी राहिली.

मग कोर्टकचेरी. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने दावा लावला, १९९४ मध्ये तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या तीन. तोवर लिनक्सने बाजी मारली होती. (तेही शून्यातून नाही. कर्नल लिनसचं, पण कंपायलर आणि शेल ग्नूचे.)

बर्कलेचा कोड पुढे ॲपलच्या मॅक ओएस एक्समध्ये गेला, तिथून आयफोनमध्ये. ॲपलला कुणी नकलाकार म्हणत नाही.

बर्कलेची अट एवढीच, की आमचं नाव ठेवा. लिनक्सची अट कडक: बदल करून वाटलंत तर बदललेला सोर्सही द्या. बॉस आणि भारओएस, दोन्हींच्या पोटात लिनक्सच आहे. म्हणून पुढची ‘स्वदेशी’ घोषणा झाली की मी एवढंच विचारणार: काय कुठून घेतलं त्याची यादी कुठे आहे? बदललेला सोर्स कुठे मिळेल? आणि मूळ कोडमधलं भगदाड बुजवलं गेलं, की ती दुरुस्ती आपल्या तहसील कचेरीतल्या कॉम्प्युटरपर्यंत किती दिवसांत पोचते?