सूत्र कोणाच्या हाती? — वास्तुशिल्पाचे शिक्षण आणि आपली ज्ञाती

‘सुतार’ हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला, असे कोशकार सांगतात. लाकडास हात लावणारा तो सुतार, असा अर्थ आज रूढ झाला असला, तरी मुळात हा शब्द सूत धरणाऱ्याचा, म्हणजे मापे घेऊन आखणी करणाऱ्याचा आहे. त्यात करवतीचा किंवा वाकसाचा उल्लेखही नाही. ‘मयमत’ या प्राचीन वास्तुग्रंथात बांधकाम करणाऱ्या शिल्प्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: योजना करणारा तो स्थपती, त्याच्या आज्ञेने मापांचे सूत धरणारा तो सूत्रग्राही, घडणारा तो तक्षक आणि जोडणारा तो वर्धकी. सूत्रग्राही हा स्थपतीचा पुत्र अथवा शिष्य असावा, असेही तेथे म्हटले आहे. याचा अर्थ असा की, विचार करणारे मस्तक आणि काम करणारा हात एकाच घरात नांदत होते. हे सूत आपल्या हातून कसे सुटले आणि ते पुन्हा कसे धरता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

यवतमाळ जिल्ह्यात या जुन्या विद्येच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. यवतमाळनजीक लोहारा येथील कमलेश्वराचे हेमाडपंती देवालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. हेमाद्री हा तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री. परंतु चुन्यावाचून दगडात दगड गुंतवून बांधण्याची ही रीत त्याच्याही पूर्वीची आहे. कळंब येथील चिंतामणीच्या दर्शनास जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे लागते. असे काम आधी मनात संपूर्ण रचल्याखेरीज हाती घेताच येत नाही. पुढील काळातील वाड्यांचीही गोष्ट तीच. दगडी उथळ्यावर सागाचा खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई आणि तिच्यावर कडीपाट, ही सारी मांडणी मिस्त्री कागदावाचून करीत असे. साग जिल्ह्याच्या रानातला आणि काळा दगडही जवळपासचाच. गावकीत बलुतेदार म्हणून त्यास धान्य मिळे आणि आखणीबद्दल मान मिळे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६४ मध्ये हा जिल्हा निराळा झाला, पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ पासून त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रेल्वे कापसासाठी धावू लागली. कचेऱ्या, बंगले, स्थानके आणि जिनिंगच्या इमारती उभ्या राहिल्या. बांधणारे हात पूर्वीचेच होते. परंतु नकाशा आता बांधकाम खात्याकडून इंग्रजीत येऊ लागला. ज्यास लाकडाची शीर वाचता येत होती, त्यास कागदावरील अक्षर वाचता येत नव्हते. कौशल्य हातात राहिले, निर्णय मात्र टेबलावर गेला.

हे टेबल कोठे तयार होत होते, तेही पाहिले पाहिजे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईस कलाशाळा सुरू झाली. १८६५ पासून तेथे जॉन लॉकवुड किपलिंग वास्तूंवरील शिल्पकाम शिकवीत. १८७८ ते १८८८ या काळात बोरीबंदरचे भव्य स्थानक उभे राहिले. त्यावरील पाने, फुले, पशुपक्षी यांच्या कोरीव कामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मूळ योजना मात्र एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची. एतद्देशीयाने कोरावे आणि परकीयाने योजावे, ही वाटणी त्या इमारतीच्या भिंतीवरच लिहिलेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन बेग यांच्या पुढाकाराने याच शाळेत वास्तुशिल्पाचे रीतसर वर्ग सुरू झाले आणि ही वाटणी मोडण्यास प्रारंभ झाला. १९१७ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी आपली संघटना काढली; तीच १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. १९२३ ते १९४३ या काळात क्लॉड बॅटली यांनी जुन्या भारतीय वास्तूंची मोजमापे घेऊन आरेखने करण्याची शिस्त विद्यार्थ्यांस लावली. आपल्या पूर्वजांसारख्या कारागिरांनी जे कागदावाचून उभारले, ते पुढील पिढीने कागदावर उतरवून शिकावे, हा योग मोठा बोधप्रद आहे. कोकणातील आचरे येथे १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे याच शाळेतून शिकले, हार्वर्ड विद्यापीठात ग्रोपियस यांच्या हाताखाली अध्ययन करून परतले आणि कानपूरच्या आय.आय.टी.चे शिल्पकार झाले. १९५८ मध्ये वास्तुशिल्पाचा विभाग स्वतंत्र महाविद्यालय झाला.

परंतु या काळात आपला जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. मुंबईस शिकण्यास जाणे म्हणजे दुसऱ्या प्रांतात जाणे. भाडे, वसतिगृह, इंग्रजी आणि पाच वर्षांची मिळकत सोडण्याची तयारी मिस्त्रीच्या घरास कोठून असणार?

नंतर कायदा आला. वास्तुविशारद अधिनियम १९७२ अन्वये ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी केवळ नोंदणीकृत व्यक्तीसच लावता येते. पहिली नोंदवही तयार होताना मात्र एक दार उघडे ठेवले होते: पदवी नसली, तरी किमान पाच वर्षे हा व्यवसाय केलेल्या नागरिकास नोंद करता येत होती. प्रस्तुत लेखकाचे आजोबा दारव्हा भागात नावाजलेले मिस्त्री होते. ते अंगणात चुन्याने आखणी करीत, गेरूत भिजविलेले सूत ताणून सोडीत आणि घरधन्यास त्या रेषांमधून चालावयास लावून विचारीत, “पाटील, माजघर पुरेल ना?” त्यांनी रचलेल्या घरांचे नकाशे कचेरीत जात, ते दुसऱ्याच्या सहीने. त्या दाराशी ते गेले असते, तरी दाखविण्यास त्यांच्यापाशी एकही कागद नव्हता. चाळीस वर्षांचे काम उभे होते. परंतु उभे घर उचलून कचेरीत नेता येत नाही.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा कायदा उपाधीपुरता आहे. वास्तुरचनेचे काम करण्यास तो इतरांस बंदी घालीत नाही. तेव्हा मिस्त्रीच्या कामास कोणी गुन्हा म्हणत नाही. तथापि जो सही करतो, त्याचेच मत अखेर चालते, हा अनुभव आपणांस नवा नाही.

म्हणून आपल्या मुलामुलींनी हा मार्ग नीट समजून घ्यावा. पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, त्यातच कार्यालयातील प्रत्यक्ष उमेदवारी आणि शेवटी वास्तुकला परिषदेकडे नोंदणी, असा हा क्रम आहे. बारावीस गणित व भौतिकशास्त्र हवे. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांची पदविका घेतलेल्यांसही वाट आहे. २००६ पासून ‘नाटा’ ही अभिक्षमता चाचणी आहे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेसारख्या राष्ट्रीय संस्थांत निराळ्या अखिल भारतीय परीक्षेने प्रवेश मिळतो. दहावीनंतर गणित सोडले की हे दार बहुधा बंद होते. पुष्कळ घरांत ही गोष्ट फार उशिरा कळते.

आणखी एक विनंती. महाविद्यालयात गेलेल्या मुलाने घरातील गुण्या व ओळंबा यांची लाज बाळगू नये. सागाचा खांब किती भार घेतो, पश्चिमेच्या उन्हास ओसरी किती खोल हवी, हे ज्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यास पुस्तक अर्धे आधीच वाचलेले असते. सुट्टीत त्याने वडिलांच्या कामावर जावे, जुना वाडा पडण्यापूर्वी त्याची मोजमापे घ्यावीत, आणि कागदाच्या कोपऱ्यात तो बांधणाऱ्या मिस्त्रीचे नाव लिहावे. ज्ञातीच्या शिष्यवृत्तीतही या अभ्यासक्रमासाठी एक जागा राखून ठेवावी, अशी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे.

आजोबांचे सूत अद्याप आमच्या घरी आहे. गेरूचा रंग फिकट झाला आहे; परंतु दोन टोके दोघांनी धरली, तर रेघ अजूनही सरळ उमटते.