सनद ते सर्टिफिकेट : बीडच्या मुस्लिम तरुणाची रोजगारवाट

बीड, माजलगाव, परळी किंवा अंबाजोगाईच्या कोणत्याही मोहल्ल्यात बारावी झालेल्या मुलाला 'पुढे काय?' असे विचारले तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : 'देखेंगे.' या एका शब्दावरून आपल्या समाजाविषयी बरेच निष्कर्ष काढले गेले आहेत. मुसलमानांना शिक्षणाची ओढ नाही, पोरगा हाताशी आला की त्याला गॅरेजवर बसवतात, नाहीतर मदरशात घालतात, असे बाहेरचे लोक म्हणतात आणि गुणवंतांच्या सत्कार समारंभात आपलेच वक्तेही म्हणतात. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी केवळ तीन टक्के मुले मदरशात जातात हे दाखवून दिले, तरी भाषणे बदललेली नाहीत. या 'देखेंगे'मागे आळस नसून चार-पाच पिढ्यांचा अनुभव आहे, असे मला वाटते. तो अनुभव जिल्ह्याच्या इतिहासात शोधावा लागतो.

निजामी अमलातला बीड जिल्हा औरंगाबाद सुभ्यात होता. गॅझेटियरकारांनी बीडची नोंद घेतली ती कातडी छागळी आणि गुप्त्यांसाठी. तरुणाला बांधीव पगाराची पहिली मोठी वाट दिसली ती अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला. तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. भरतीची पद्धत शिलेदारीची. ज्याच्याकडे स्वतःचा घोडा तो शिलेदार, ज्याच्याकडे नाही तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर. म्हणजे नोकरीलाही भांडवल लागत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

दुसरी वाट कचेरीची. पहिल्या सालारजंगांनी राज्यकारभाराची घडी बसवली, जिल्हे आखले, तालुक्याला तहसीलदार दिले. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. बीडच्या मुसलमान तरुणासाठी दरवाजा उघडला असे वाटेल. पण वरच्या खुर्च्यांवर उत्तरेकडून आलेले लोक होते. मोहसीन-उल-मुल्क, विकार-उल-मुल्क, चिराग अली, सय्यद हुसेन बिलग्रामी ही सगळी मोठी माणसे, त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. मात्र बीडच्या दखनी बोलणाऱ्या पोराची उर्दू त्यांच्या उर्दूपुढे गावंढळ ठरत होती. मुलकी आणि गैरमुलकी हा झगडा पुढे इतका वाढला की १९१९ मध्ये मुलकींना नोकरीत संरक्षण देणारे फर्मान काढावे लागले. 'भूमिपुत्र' हा शब्द आपल्याकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले. उच्च शिक्षण एका हिंदुस्थानी भाषेत देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी खास दारुल-तर्जुमा काढून विज्ञान, कायदा, इतिहासाची पुस्तके उर्दूत आणली गेली. १९२३ मध्ये औरंगाबादला इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले आणि मौलवी अब्दुल हक तेथे प्राचार्य होते. बीडहून आधी औरंगाबाद आणि मग हैदराबाद असा रस्ता तयार झाला. पण या रस्त्याने गेले कोण? देशमुख-देशपांड्यांची, इनामदार-जागीरदारांची, काजी-खतीबांची मुले. पिंजारी, तांबोळी, मोमीन, अत्तार, बागवान, कसाब, फकीर, मणियार या घरांतली मुले बापाच्या धंद्यात होती. आणि जिल्ह्यातला बहुसंख्य मुसलमान हाच होता. 'निजामाच्या राज्यात मुसलमानांची चैन होती' हे वाक्य आजही बीडच्या सभांतून ऐकू येते, तेव्हा आठवणीने विचारावे : कोणत्या मुसलमानाची?

त्या काळात मराठी बोलणाऱ्या हिंदू तरुणावर झालेला अन्यायही तितकाच स्पष्टपणे नोंदवला पाहिजे. मायबोलीतून शिकायची सोय नाही, सरकारी नोकरी हवी तर उर्दू शिकणे भाग. १९३५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून मोमिनाबादला आले आणि तेथील राष्ट्रीय वृत्तीच्या शाळेभोवती तरुणांची एक पिढी उभी राहिली, त्याचे हे कारण. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानियातून काढलेले विद्यार्थी नागपूरला जाऊन शिकले. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह रावही होते. कचेरीची भाषा ज्याच्या हातात त्याची मुले पुढे जातात, हा धडा मराठी तरुणाने तेव्हा गिरवला. आपल्यावर तो दहा वर्षांनी गिरवण्याची पाळी आली.

रझाकारांच्या अत्याचारांनी राज्याचे शेवटचे वर्ष काळवंडले. त्यांना लेखणीने विरोध करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान तिशीही न गाठता ऑगस्ट १९४८ मध्ये मारले गेले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत संस्थान संपले. आपण १७ सप्टेंबर मुक्तिदिन म्हणून पाळतो आणि तो पाळलाच पाहिजे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते आपल्या घरांतून कुजबुजीतच सांगितले गेले. पंडित सुंदरलाल, काजी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या शिष्टमंडळाने वर्षअखेर संस्थानाचा दौरा केला. त्यांच्या अहवालात औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार माणसे मारली गेल्याचे म्हटले आहे. हा अहवाल सर्वांना पाहायला मिळाला तो २०१३ मध्ये! तोवर ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांतले बहुतेक कबरीत गेले होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचेच. संस्थानाच्या अनियमित फौजा मोडल्या. १९४९ मध्ये जागिरी खालसा झाल्या, त्यांबरोबर जागिरीतले कारकून, चपराशी, कारभारी यांचीही पोटे गेली. उस्मानियाचे माध्यम बदलले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली. मराठी राज्यात मराठी हवीच, यात दुमत असण्याचे कारण नाही. आपण मराठीतच लिहितो, वाचतो. पण १९४५ साली उर्दूतून मॅट्रिक झालेल्या विशीतल्या मुलाचा विचार करा. त्याच्या बापाने पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकवले ते कचेरीत चिकटावा म्हणून. तिशी गाठेपर्यंत ती सनद पेटीत ठेवण्याच्या लायकीची उरली. मराठी त्याला बोलता येत होती, शेजाऱ्याशी तो मराठीतच भांडत होता, पण मराठीत टिपण लिहिणे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. अशा माणसाने आपल्या मुलाला काय सांगितले असेल? 'हुनर सीख, कागज का क्या भरोसा.' माझ्या मते आपल्या समाजाच्या शिक्षणाच्या कहाणीत हे वाक्य फतव्यांपेक्षा अधिक परिणामकारक ठरले.

नवी दारे उघडलीही. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय, १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ, १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरियांनी काढलेले मौलाना आझाद कॉलेज. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. बीडमधल्या मुस्लिम घरांतून डॉक्टर, वकील, प्राध्यापक निघू लागले ते या पिढीपासून. पण संख्या थोडी होती. सत्तरीच्या सुरुवातीचा दुष्काळ पडला तेव्हा नोकरीचे स्वप्न सर्वांसाठीच दूर गेले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात तरुण रस्त्यावर उतरले, त्यात नोकऱ्यांचाच प्रश्न होता. बीड ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. आपली मुले पुणे-मुंबईच्या गॅरेजात, वेल्डिंगवर, ट्रकवर गेली आणि नंतर ज्यांना जमले ती आखातात.

मंडल आयोगानंतर प्रथमच पिंजारी-तांबोळ्यांचा प्रश्न त्यांच्या नावाने मांडला गेला. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि डिसेंबर १९९४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला. मोठीच गोष्ट होती ती. पण फायदा घ्यायचा तर जातीचा दाखला हवा, आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर जातीच्या रकान्यात काय? 'मुसलमान'. त्याआधीचे कागद निजामी काळातले, उर्दूत किंवा मोडीत. नातवाला मोडी येत नाही आणि शिकस्त वळणाची उर्दू उर्दू शाळेत शिकलेल्यालाही लागत नाही. कितीतरी मुलांची उमेदीची वर्षे पडताळणी समितीच्या दारात गेली. जेथे आजोबा शाळेतच गेले नव्हते तेथे तर पुराव्याचा प्रश्नच मिटला!

याच सुमारास डी.एड.ची लाट आली. आपल्या समाजात, विशेषतः मुलींत, तिच्याइतके मोठे स्वप्न दुसरे कोणतेही पाहिले गेले नाही. बारावीनंतर दोन वर्षे, मग जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत नोकरी. घराजवळ, इज्जतीची, पेन्शनीची. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली, म्हणजे तीन वर्षे महिना तीन हजारांवर राबायचे. तेही लोकांनी आनंदाने पत्करले. मराठवाड्यात खासगी अध्यापक विद्यालयांचे पीक आले. बापांनी रान विकले, आयांनी दागिने मोडले. मग दारे एकेक करून बंद होत गेली. २०१० मध्ये भरतीसाठी सामायिक परीक्षा झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवसांची राज्यव्यापी पटपडताळणी होऊन बोगस पट उघडे पडले, ते पडायलाच हवे होते, पण मे २०१२ पासून शिक्षकभरतीच थांबली. २०१३ मध्ये टीईटी आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी, त्यानंतर पवित्र पोर्टल. टीईटी प्रामाणिकपणे पास झालेल्यांना पुढे कळले की २०१९-२० च्या परीक्षेत ७,८८० उमेदवारांनी गैरमार्ग वापरला होता. उर्दू माध्यमाची आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. बिंदुनामावलीप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असलेल्या उर्दू शाळांतल्या जागांना त्या प्रवर्गांतून उर्दू शिकलेला उमेदवार मिळत नाही. जागा रिकामी, वर्गावर शिक्षक नाही आणि गावात डी.एड. झालेली मुलगी घरी शिलाई मशीनवर.

२०१४ च्या जुलैत शासनाने मुस्लिमांना शिक्षणात व नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षण रोखले पण शिक्षणातील चालू ठेवण्यास हरकत घेतली नाही. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो आपोआप संपला. जुन्या हैदराबाद संस्थानाचे जे तुकडे आंध्रात गेले तेथे मागास मुस्लिमांना २००७ च्या कायद्याने चार टक्के मिळाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर ते टिकूनही राहिले. निजामाबादच्या चुलतभावाला जे मिळाले ते बीडच्या भावाला नाही. दोघांचे आजोबा एकाच सरकारची रयत होते.

अलीकडे स्पर्धा परीक्षांचे आकर्षण वाढले आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या शेलगावचा, रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख २०१५ च्या परीक्षेतून वयाच्या एकविसाव्या वर्षी आयएएस झाला, तेव्हापासून बीडच्या अभ्यासिकांतही आपली मुले दिसतात. पुण्यात खोली मिळावी म्हणून आपण 'शुभम' हे नाव सांगितल्याचे त्याने स्वतःच नंतर मुलाखतींत सांगितले. सत्कारांच्या भाषणांत त्याची मेहनत सांगितली जाते, हा भाग मात्र गाळला जातो. मुलांना तो ठाऊक असतो.

२०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. दप्तरे सोडली गेली, धूळ झटकली गेली आणि मग लक्षात आले की हे वाचणार कोण? उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधून बोलावावे लागले. ज्या लिपीतले शिक्षण १९४८ नंतर पेटीत गेले होते तिला पाऊणशे वर्षांनी बीडच्या कचेरीत पुन्हा गरज म्हणून स्थान मिळाले, तेही तेवढ्या कामापुरते. शोध कुणबी नोंदींचा होता. त्याच रजिस्टरांत खालच्या-वरच्या ओळींवर कोठे पिंजारी, कोठे मोमीन, कोठे तांबोळी लिहिलेले असेल, तर ते उतरवून घेणे त्या कामात येत नव्हते.