दूरवैद्यकाचा कायदा व सार्वजनिक आरोग्यविमा : केशोरीच्या संदर्भात

मराठीत रोगी वैद्याकडे जातो तो स्वतःस 'दाखविण्या'साठी. 'डॉक्टरला दाखविले काय?' ह्या नित्याच्या प्रश्नात देह समोर असणे गृहीतच धरलेले असते. दुखणे 'सांगणे' हा त्या दाखविण्याचा केवळ एक भाग होय. वैद्यकीय कायद्याची धारणाही दीर्घकाळ याहून निराळी नव्हती. २०२० साली मात्र ती बदलली, आणि विशिष्ट मर्यादेत 'सांगणे' हेच 'दाखविणे' मानले जाऊ लागले. सार्वजनिक आरोग्यविम्याने ह्या दोहोंपैकी कशाचीच स्वतंत्रपणे दखल घेतली नाही. त्याच्या लेखी जी क्रिया मोजली जाते ती तिसरीच आहे : 'दाखल होणे'. ह्या तीन क्रियापदांतील अंतर कसे पडले आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे पाहावयाचे तर मुंबई-पुण्यापेक्षा गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे केशोरी हे गाव अधिक उपयोगी पडते.

केशोरी अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह जलाशयाच्या परिसरात, गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. भातशेती, मिरची आणि जंगलातील तेंदूपाने ही तेथील उपजीविकेची साधने. प्राथमिक आरोग्य केंद्र गावात आहे, विशेषज्ञ नाही. जिल्ह्याचे ठिकाण गोंदिया हे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातील वडसा हेच त्याहून जवळचे. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला व २०१६ मध्ये गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तथापि केशोरीच्या रोग्याचे अंतर त्यामुळे कमी झाले असे म्हणता येत नाही. दूरवैद्यक, अर्थात रूढ शब्दांत टेलिमेडिसिन, हे खरे पाहता अशाच गावासाठी कल्पिलेले साधन.

ह्या साधनाचे नियमन कोणी करावयाचे, हा प्रश्न संविधानाच्या सातव्या अनुसूचीपाशी नेतो. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हा राज्यसूचीतील सहावा विषय. वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत सव्विसावा, व सामाजिक विमा त्याच सूचीत तेविसावा. दूरध्वनी व तत्सम संदेशवहन संघसूचीत एकतिसावे, आणि विमा तेथेच सत्तेचाळिसावा. केशोरीतील एका स्त्रीने पडद्यावरील डॉक्टरशी दहा मिनिटे बोलावे, एवढ्या साध्या घटनेत हे पाचही विषय एकत्र येतात. संविधानकारांनी अशी घटना कल्पिली नव्हती, हे उघडच आहे. पण ही विभागणीच पुढील अनेक वर्षांच्या मौनाचे एक कारण असावे.

मौन म्हणण्याचे कारण असे की, साधन आधी आले आणि नियम फार मागाहून. आंध्र प्रदेशातील अरगोंडा येथे २००० साली एका खाजगी रुग्णालयाने उपग्रहाद्वारे चालणारे केंद्र उघडले. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान खात्याने २००३ मध्ये शिफारसवजा मानके प्रसिद्ध केली. ती प्रामुख्याने यंत्रांविषयी होती. महाराष्ट्रातही त्या दशकात इस्रोच्या साहाय्याने मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी काही जिल्हा रुग्णालये जोडली गेली. ह्या प्रयोगांत दोन्ही टोकांना डॉक्टर होते, म्हणून कायद्याचा पेच पडला नाही. एका टोकास डॉक्टर नसेल तर काय, हा प्रश्न २०१८ साली निराळ्याच वाटेने न्यायालयात आला.

रत्नागिरीतील एका रुग्णालयात प्रसूतीनंतर पुन्हा दाखल झालेल्या स्त्रीवर डॉक्टर अनुपस्थित असताना दूरध्वनीवरील सूचनांनुसार उपचार झाले व पुढे तिचा मृत्यू झाला. २५ जुलै २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने संबंधितांचा अटकपूर्व जामीन नाकारला. निदानाविना औषधयोजना हा दंडनीय हलगर्जीपणा ठरू शकतो, असे मत त्या आदेशात व्यक्त झाले. आदेश जामिनापुरता होता, दोषसिद्धी नव्हती. शिवाय त्यातील वस्तुस्थिती टेलिमेडिसिनची नसून गैरहजेरीची होती. तरीही वैद्यकीय व्यवसायात त्याचा अर्थ 'फोनवर औषध सांगणे धोक्याचे' असाच घेतला गेला. नियमाच्या अभावी एका दुःखद प्रकरणाने नियमाची जागा घेतली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

नियम आला तो २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी नेमलेल्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या साहाय्याने टेलिमेडिसिन मार्गदर्शिका प्रसृत केली, व ती २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांना पाचवे परिशिष्ट म्हणून जोडली गेली. तीनुसार कोणत्याही राज्याच्या नोंदवहीतील डॉक्टर देशभर दूरस्थ सल्ला देऊ शकतो. रोग्याने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. आरोग्यसेवकाने साधला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. औषधांच्या याद्या केल्या आहेत : काही औषधे कोणत्याही माध्यमातून, काही पहिल्या भेटीत केवळ चित्रसंवादावर, काही फक्त पुनर्भेटीत; आणि अमली व तत्सम औषधे मुळीच नाहीत. पुनर्भेट म्हणजे त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासणी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आतील भेट. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले व त्याच महिन्यात स्थगित केले. त्यामुळे २००२ च्या विनियमांना जोडलेले हे परिशिष्टच पुन्हा आधार ठरले. 'सांगणे' अशा रीतीने कायदेशीर झाले. ह्या मार्गदर्शिकेत पैसा कोणी द्यावा याविषयी मात्र, योग्य शुल्क घेण्याची मुभा वगळता, काही नाही.

आता विम्याकडे वळू. भारतातील सार्वजनिक आरोग्यविम्याचा पहिला अवतार खाटेपुरता नव्हता. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगाराला बाह्यरुग्ण उपचारही दिले, आणि महाराष्ट्रात १९५४ पासून गिरणीकामगार वस्तीतल्या पॅनेल डॉक्टरकडे जाऊन 'दाखवू' शकत होता. परंतु तो कायदा कारखान्याचा; धानाच्या बांधीत राबणाऱ्या मजुराला त्यात स्थान नव्हते. ग्रामीण गरिबांसाठी राज्याने १९९७ साली जी जीवनदायी योजना काढली ती हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा गंभीर व्याधींपुरती होती, आणि तिच्या ह्या जन्मखुणेने पुढील सर्व योजनांचे रूप ठरविले. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत गडचिरोली होता, गोंदिया नव्हता. केशोरीच्या शिवेपलीकडे विमा आला आणि अलीकडे तो येण्यास २१ नोव्हेंबर २०१३ उजाडले. मध्ये सुमारे सतरा महिने गेले. कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपये आणि ९७१ उपचार, असे तिचे स्वरूप होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडली गेली, आणि जुलै २०२३ च्या निर्णयाने संरक्षण पाच लाखांचे व उपचार १,३५६ झाले.

संख्या वाढल्या, घाट तोच राहिला. केंद्रीय योजनेने दाखल होण्यापूर्वीचे तीन व नंतरचे पंधरा दिवस खर्चात धरले, पण दाखल न होता होणारा बाह्यरुग्ण उपचार वगळला. येथे एक विसंगती नजरेतून सुटू नये. शस्त्रक्रियेस पूर्वसंमती देणारा डॉक्टर २०१२ पासूनच रोग्याला प्रत्यक्ष पाहत नाही. रुग्णालयाने पाठविलेले अहवाल व छायाचित्रे संगणकावर पाहून तो निर्णय देतो. म्हणजे विम्याने स्वतःपुरता दुरून पाहण्यावर विश्वास ठेवला होता. रोग्याच्या दुरून सांगण्याला तो विश्वास मिळाला नाही.

अमेरिकेत हाच इतिहास उलट क्रमाने घडला. कॅलिफोर्नियाने १९९६ च्या कायद्याने, योग्य त्या प्रसंगी समोरासमोर भेटीचा आग्रह धरण्यास विमाकर्त्यांना मनाई केली. १९९७ च्या केंद्रीय कायद्याने वृद्धांच्या मेडिकेअर विम्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या ग्रामीण भागांसाठी दूरसल्ला १९९९ पासून समाविष्ट केला; शुल्काचे पंचाहत्तर टक्के सल्ला देणाऱ्यास व पंचवीस टक्के रोगी पाठविणाऱ्यास, अशी वाटणीही त्यात होती. ती पुढे २००० च्या कायद्याने रद्द झाली. तेथे डॉक्टरचा परवाना राज्याच्या सीमेवर अडतो, पण देयकाचा प्रश्न कायद्याने आरंभीच हाती घेतला. येथे नोंदणी देशभर चालते आणि देयकाचा प्रश्नच उपस्थित झाला नाही. विमा नियामक प्राधिकरणाने ११ जून २०२० रोजी विमा कंपन्यांना दूरसल्ला मान्य करण्यास सांगितले खरे. परंतु मूळ पॉलिसीत सल्ल्याचे शुल्क अंतर्भूत असेल तरच. तशी पॉलिसी केशोरीत किती घरांत असेल, हे सांगण्याची गरज नाही.

केशोरीसारख्या गावी दूरवैद्यक पोहोचते ते विम्याच्या नव्हे, सेवेच्या मार्गाने. मोहालीच्या सी-डॅकने तयार केलेली ई-संजीवनी नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी व १३ एप्रिल २०२० पासून घरबसल्या रोग्यांसाठी सुरू झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रोग्यास समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो, शुल्क नाही. ही सोय मोलाची आहे. परंतु विनामूल्य सेवा आणि विमासंरक्षण यांत फरक आहे. विमाधारकाचा दावा नाकारला गेला तर नकाराचा कागद मिळतो, त्यावर तक्रार करता येते, व मुदतीत उत्तर मागता येते. जाळे बंद असल्यामुळे किंवा विशेषज्ञ पडद्यावर न आल्यामुळे परतलेल्या रोग्याजवळ असा कागद नसतो. त्याला काही नाकारले गेले, अशी नोंदही राहत नाही. वडशाला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी तो स्वतः सोसतो.

दुसरी उणीव भाषेची. मार्गदर्शिकेने पाच प्रसंग कल्पिले आहेत : रोगी व डॉक्टर, शुश्रूषा करणारा आप्त व डॉक्टर, आरोग्यसेवक व डॉक्टर, डॉक्टर व डॉक्टर, आणि तातडीची अवस्था. दुभाष्याचे पद त्यांत नाही. केशोरीच्या परिसरात झाडीबोली व गोंडी बोलल्या जातात. झाडीबोलीत 'ळ'च्या जागी 'र' येतो, त्यामुळे 'डोळा' हा 'डोरा' होतो. क्षीण आवाजाच्या यंत्रावर दूरच्या डॉक्टरने तो 'दोरा' ऐकला तर नवल नाही. गोंडी तर मराठीच्या कुळातलीच नव्हे, ती द्राविडी भाषा. समोर बसलेल्या रोग्याच्या बाबतीत बोटाने दाखवून ही अडचण निभते. दूरसल्ल्यात ते काम समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला किंवा आरोग्यसेविकेला करावे लागते, आणि 'स्पष्ट संमती' घेतल्याची नोंदही तोच करतो. ती संमती रोग्याने कोणत्या भाषेत दिली, यासाठी त्या नोंदीत रकाना ठेवावा असे परिशिष्टात कोठेही म्हटलेले नाही.