आधी ताट, मग नाडी : तंजावर, कुत आणि नर्सिंगचं पहिलं वर्ष

आज मी तुमच्याशी बोलतोय ते तिरुनीलक्कुडीहून. कुंभकोणमच्या पूर्वेला आडुतुरै लागतं आणि तिथून दक्षिणेला वळलं की भातखाचरांच्या मधोमध हे गाव. इथं नीलकंठेश्वराचं जुनं देऊळ आहे. हलाहल पचवल्यावर शिवाचा कंठ पोळला आणि पार्वतीनं तेल लावून तो शांत केला, अशी इथली श्रद्धा. म्हणून पिंडीवर तेलाचा अभिषेक होतो, आणि तेवढं तेल दगडात मुरून जातं असं गावकरी सांगतात.

देवळात उभा असताना मला माझ्या पुतणीचा फोन आठवला. यंदा तिनं बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतलाय. ती वैतागून म्हणाली, "काका, मला पेशंटची सेवा करायचीय. इथं पहिल्या सत्रात शरीररचना आणि शरीरक्रिया, दुसऱ्या सत्रात जीवरसायन आणि पोषण. डाळीत प्रथिनं किती, हे पाठ करून मी कुणाचा जीव वाचवणार?"

प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, पायदळातला माणूस. त्यामुळे उत्तर इतिहासातून देतो.

सुरुवात इथूनच करू. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, म्हणजेच एकोजी, यांनी 1676 च्या सुमारास तंजावरला मराठी राज्य उभं केलं. त्यांच्या राणी दीपाबाई. रघुनाथ गणेश नवहस्त नावाच्या मराठी पंडिताला त्यांचा आश्रय होता. या रघुनाथानं संस्कृतात 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ रचला. धान्यं कोणती, शिजवलेल्या भाताचे गुण काय, भाज्या, दूध, ताक, पाणी, कशाबरोबर काय खाऊ नये, असा सगळा विचार त्यात आहे. भाषा वात-पित्त-कफाची, पण प्रश्न माझ्या पुतणीच्या पुस्तकातलाच : पोटात गेलेलं अन्न शरीराचं काय करतं?

याच गादीवर 1798 मध्ये दुसरे सरफोजी राजे आले. पुढच्याच वर्षी कंपनीनं तह करून राज्याचा कारभार काढून घेतला. राजांकडे उरला तो किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख. लहानपणी त्यांना श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्यानं शिकवलं होतं. राज्य गेलं, पण जिज्ञासा शाबूत होती. त्यांनी धन्वंतरी महाल उभा केला. तिथं आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती अशा चारही पद्धतींचे जाणकार असत. माणसांबरोबर जनावरांच्या औषधांवरही काम चाले. अनुभवाला उतरलेल्या औषधयोजना तमिळ पद्यात उतरवून ठेवल्या गेल्या. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी तर चित्रांसकट ठेवलेल्या आहेत, आणि त्या आजही सरस्वती महालात जपल्या आहेत.

शरीररचना शिकायची तर सांगाडा हवा. पण मृताच्या हाडांना शिवणं धर्मात बसेना. राजांनी वाट काढली : विलायतेहून कृत्रिम सांगाडा मागवला. विटाळही नाही आणि अभ्यासही अडला नाही.

1826 मध्ये बिशप हेबर तंजावरला येऊन राजांना भेटला. या हिंदू राजाच्या बोलण्यात लाव्हॉझिए, लिनीअस ही नावं सहज येतात, याचं त्याला फार नवल वाटलं. यातलं लाव्हॉझिए हे नाव लक्षात ठेवा. सजीवाचा श्वास म्हणजे एक प्रकारचं मंद ज्वलन आहे, हे त्यानं गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं होतं. पोषणशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे दोन विषय नाहीतच, हा त्याचा अर्थ. चुलीत काय घातलं ते एक शिकवतं आणि चूल कशी पेटते ते दुसरं.

हे न कळल्याची किंमत काय असते? आता तंजावर सोडून मेसोपोटेमियाला चला. पहिलं महायुद्ध, डिसेंबर 1915. टायग्रिस नदीकाठच्या कुत या गावात जनरल टाउनशेंडची सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. देशावरची आणि कोकणातली आपली पोरं. वेढा 29 एप्रिल 1916 पर्यंत, जवळजवळ पाच महिने चालला.

या वेढ्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. एकाच छावणीत गोऱ्या शिपायांना एक रोग झाला आणि हिंदी शिपायांना दुसरा. गोरे खात पांढऱ्या मैद्याचा पाव आणि घोड्याचं मांस. त्यांना बेरीबेरी झाला : पाय बधिर, अंगावर सूज, हृदय थकलेलं. आपले जवान खात कोंड्यासकट दळलेला आटा. त्यांना बेरीबेरीनं फारसं गाठलं नाही. पण भाजीपाला मिळेना आणि घोड्याचं मांस धर्मामुळे बहुतेकांनी बराच काळ टाळलं. त्यांना स्कर्व्ही झाला : हिरड्यांतून रक्त, जखमा भरेनात. पुढे मैदा संपून गोऱ्यांच्या पावात आटा मिसळावा लागला, तेव्हा त्यांचा बेरीबेरी ओसरला. जे नाइलाजानं खाल्लं, तेच औषध ठरलं.

कारण आज पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. पिष्टमय पदार्थांतून शक्ती काढायला पेशींना थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व लागतं. ते धान्याच्या वरच्या थरात असतं आणि मैद्यात उरत नाही. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचा. नसा आणि हृदय अखंड काम करतात, म्हणून आधी तेच कोलमडतात. क जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन महिने पुरतो. ते संपलं की जखम सांधणारं कोलॅजन नीट तयार होत नाही. 1916 मध्ये यातलं थायमिनही वेगळं काढलेलं नव्हतं आणि क जीवनसत्त्वही.

ते काम पुढे ज्यांनी नेलं त्यांत लष्करी डॉक्टर होते. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी 1918 मध्ये याच तमिळ मुलखात, निलगिरीतल्या कुन्नूरला, बेरीबेरीचा शोध सुरू केला. पुढे त्यांनी पांढऱ्या उंदरांचे गट करून त्यांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या लोकांचं जेवण घातलं. शिखांच्या जेवणावरचे, म्हणजे गव्हाची पोळी, दूध, डाळ, भाजी यांवरचे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. मद्रासी जेवणावरचे, म्हणजे सडलेला, धुतलेला भात आणि नावापुरतं दूध यांवरचे, सर्वांत किरकोळ. मराठ्यांचं जेवण मधल्या पायऱ्यांवर राहिलं. दोष माणसांचा नव्हता, ताटाचा होता. त्याच प्रयोगशाळेतून आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

गंमत पाहा. या कावेरीकाठी आणि आपल्या कोकणातही उकडा तांदूळ खातात. साळ भिजवून उकडली की सालीखालचं थायमिन दाण्याच्या आत शिरतं, मग सडलं तरी बरंचसं टिकतं. आजीला थायमिन ठाऊक नव्हतं, पण तिच्या स्वयंपाकघरानं माणसं जपली.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. लडाखमध्ये माझ्या कंपनीबरोबर एक नर्सिंग असिस्टंट होता. उंचीवर भूक मरते. हा पठ्ठ्या लंगरजवळ उभा राहून कुणाचं ताट भरलेलं परत जातंय ते बघायचा आणि संध्याकाळी त्याच जवानांची नाडी, श्वास आणि लघवीचा रंग विचारायचा. एकदा त्यानं ठणठणीत दिसणाऱ्या जवानाला खाली पाठवायचा आग्रह धरला. मला वाटलं, उगाच बाऊ करतोय. तरी पाठवला. खाली पोचेपर्यंत त्याला चांगलीच धाप लागली होती. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी धरायला लागलंय, वेळेत आणलंत. मी मात्र तो जवान रोज डोळ्यांसमोर असून काही पाहिलं नव्हतं.

पुतणीला मी हेच सांगितलं. बाळ, गोळ्यांची नावं बदलत राहतील. वॉर्डात पेशंटचं ताट अर्धं परत जाताना पहिल्यांदा दिसेल ते तुला, डॉक्टरांना नाही. तेव्हा थांबून "काल काय खाल्लंत?" असं विचार. आणि त्या उत्तराचा अर्थ कळावा, म्हणून हे पहिलं वर्ष मन लावून कर.

तंजावरला आलात तर मोठ्या देवळाबरोबर सरस्वती महालही बघा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.